दहा वॅटचं आकाश

लास व्हेगासच्या ईशान्येला, हॉटेलांची झगमग मागे पडून नेवाडाचं उघडं वाळवंट सुरू होतं तिथे, नेलिस हा अमेरिकी हवाई दलाचा तळ आहे. समोरच मोटार शर्यतींचं अवाढव्य मैदान आहे. तळावर मोठा सराव चालू असला की या भागात रस्त्याच्या कडेला माणसं जमतात. हातात लांबलचक भिंगांचे कॅमेरे, डोक्यावर रुंद कडांच्या टोप्या आणि बऱ्याच जणांच्या कमरेला एक छोटं यंत्र, ज्याची वायर कानापर्यंत गेलेली. हे यंत्र म्हणजे स्कॅनर. भरून ठेवलेल्या शेकडो वारंवारिता ते एकामागून एक चाचपतं आणि जिथे कुणी बोलताना सापडेल तिथे थांबतं.

उतरायला येणारं लढाऊ विमान पाचेक किलोमीटरवर असताना वैमानिक नियंत्रण मनोऱ्याला कळवतो, "इनिशियल". हा शब्द रस्त्यावरच्या माणसाकडे सेकंदाच्या साठ हजाराव्या भागात पोचतो. त्याच क्षणी इंजिनातून निघालेला आवाज हवेतून वाट काढत येतो आणि त्याला जवळपास पंधरा सेकंद लागतात. म्हणून इथे आकाश वेगळ्याच क्रमाने उलगडतं: आधी शब्द, मग ठिपका, शेवटी गडगडाट. ज्याच्या कानाला स्कॅनर नाही तो गडगडाट ऐकून मान वर करतो, तोवर विमान डोक्यावरून पुढे गेलेलं असतं. स्कॅनरवाला मात्र आधीच योग्य दिशेला बघत असतो. धावपट्टीवर आल्यावर विमान झपकन कुशीवर वळतं. या वळणाला 'ब्रेक' म्हणतात. अर्धं वर्तुळ घेता घेता वेग मारायचा, चाकं खाली सोडायची आणि कळवायचं, "बेस, गिअर डाउन". चाकं खाली असल्याचं तोंडाने सांगण्याचा शिरस्ता अमेरिकी हवाई दलाने अजून सोडलेला नाही. चार-पाच शब्दांत एक पूर्ण उतरणं आटोपतं.

हे ऐकायला तिथे बंदी नाही. अमेरिकेत १९८६ साली इलेक्ट्रॉनिक संदेशांच्या गोपनीयतेसाठी जो कायदा झाला, त्याने मोबाइल फोनवरची संभाषणं चोरून ऐकणं गुन्हा ठरवलं. पण जहाजांच्या आणि विमानांच्या संदेशयंत्रणांवरचं उघडं बोलणं ऐकायला त्याच कायद्याने स्पष्ट मुभा ठेवली. जे गुप्त ठेवायचं ते सांकेतिक करा, उघड्यावर बोललात तर लोक ऐकणार, अशी ती सरळ भूमिका आहे. भारतात तसं नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

मला या ऐकण्यात सगळ्यात विलक्षण वाटते ती वैमानिकांच्या भाषेची घडण. ती इतकी तोकडी, इतकी ठाशीव का, याचं उत्तर लष्करी शिस्तीत थोडंच सापडतं. खरं उत्तर लहरींच्या भौतिकशास्त्रात आहे. या भाषेचे नियम माणसांनी लिहिले, पण लहरींनी सांगितले तसे.

सुरुवात अंतरापासून करू. लष्करी विमानं बोलतात ती मुख्यतः २२५ ते ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. नागरी विमानांचा पट्टा त्याच्या खाली, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. दोन्हीकडच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. रात्री दूरदेशीचं शॉर्टवेव्ह केंद्र लागतं ते वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून लहरी परावर्तित होतात म्हणून. या लहरी तो थर भेदून सरळ अंतराळात निघून जातात. त्यामुळे ऐकू येण्याची अट एकच: बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये पृथ्वीचा फुगवटा यायला नको. विमान जितकं उंच तितकं त्याचं क्षितिज दूर. हिशेब सोपा आहे. उंचीच्या मीटरांचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा, म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. नऊ हजार मीटर उंचीवरच्या विमानासाठी ते येतं सुमारे ३९० किलोमीटर.

आता यातली गंमत बघा. निव्वळ भूमितीने, म्हणजे हवाच नाही असं धरलं तर, गुणक ३.५७ येतो आणि अंतर ३४० किलोमीटरच्या आसपास. वरचे पन्नास किलोमीटर कुठून आले? हवेने दिले. जमिनीलगतची हवा दाट, वरची विरळ, म्हणून लहर अगदी किंचित खाली वाकते आणि पृथ्वीच्या गोलाईबरोबर थोडी पुढे सरकते. पुण्यापासून पणजी सरळ रेषेत साधारण ३३५ किलोमीटर. मध्ये डोंगर आडवे आले नसते, तर पणजीवरून त्या उंचीवर जाणाऱ्या विमानाचा आवाज पुण्याच्या जमिनीवर उभ्या माणसाला ऐकू आला असता. आणि तो आवाज पाठवणारा ट्रान्समीटर केवढ्या ताकदीचा? अमेरिकी लढाऊ विमानांत वर्षानुवर्षं असलेला एआरसी-१६४ हा संच दहा वॅटचा आहे. दहा वॅट, मध्ये काही आडवं नाही, बस. त्या संचात २५ किलोहर्ट्झच्या अंतराने ७००० वारंवारिता निवडता येतात.

याच नियमाची दुसरी बाजू अशी की जमिनीवर उभ्या माणसाला संभाषण अर्धंच ऐकू येतं. मनोऱ्याचा अँटेना सोळा मीटर उंच आणि ऐकणाऱ्याचा दोन मीटरवर असेल, तर दोघांमधला पल्ला जेमतेम बावीस किलोमीटर भरतो. मध्ये टेकडी आली की तोही संपला. शंभर किलोमीटरवरचा वैमानिक स्वच्छ ऐकू येतो आणि त्याला उत्तर देणारा जमिनीवरचा नियंत्रक मुका. म्हणून सरावलेले श्रोते उत्तरावरून प्रश्न ओळखायला शिकतात. वैमानिक म्हणाला, "लेफ्ट झिरो फोर झिरो", की समजायचं, नियंत्रकाने त्याला ईशान्येकडे वळायला सांगितलं. मिळालेली सूचना परत म्हणून दाखवायची ही रीत खरं तर चूक पकडण्यासाठी आहे. दूरवरच्या श्रोत्याला मात्र तिच्यामुळे न ऐकलेलं वाक्य मिळतं.

विमान वळताना आवाज थरथरतो, क्षणभर विरतो, परत येतो. या पट्ट्यात लहरीची लांबी एक मीटरच्या आसपास असते, म्हणून अँटेना वीस-तीस सेंटिमीटरच्या पात्यासारखा असला तरी पुरतो. तो विमानाच्या पोटाखाली नाहीतर पाठीवर बसवलेला असतो. विमान कुशीवर झालं की पंख आणि धड मध्ये येतात. डोळ्यांना न दिसणारं वळण कानाला कळतं ते असं.

आता त्या लहरीवर शब्द कसा चढवलेला असतो ते पाहू. हा भाग थोडा सावकाश समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढची सगळी भाषा त्यावर उभी आहे.

शहरातली संगीताची रेडिओ केंद्रं एफएमवर चालतात: आवाजानुसार लहरीची वारंवारिता हलते. जगभरची विमानं मात्र आजही एएमवर बोलतात: वारंवारिता स्थिर, लहरीची उंची आवाजानुसार कमीजास्त. एएम हे जुनं तंत्र. त्यात खरखर जास्त, गोडवा कमी. मग विमानांनी ते का धरून ठेवलं? एक कारण व्यवहाराचं: जगातल्या प्रत्येक विमानाचा आणि विमानतळाचा संच एकाच वेळी बदलता येत नाही. पण दुसरं कारण मला फार सुंदर वाटतं. एफएमच्या रिसीव्हरवर दोघे एकाच वेळी बोलले तर तो जोरकस लहर पकडतो आणि दुबळी पुरती गिळून टाकतो. दुबळी लहर होती याचा मागमूसही उरत नाही. एएमचा रिसीव्हर असं करत नाही. तो दोन्ही एकत्र ऐकवतो. दोन ट्रान्समीटरच्या वारंवारिता तंतोतंत जुळलेल्या नसतात, थोडाफार फरक असतोच, आणि तो फरक रिसीव्हरमधून शिट्टीसारखा कर्कश सूर होऊन बाहेर पडतो. शब्द कळत नाहीत, पण एक गोष्ट सगळ्यांना कळते की आत्ता दोघे बोलत होते. कुणीतरी लगेच म्हणतं, "ब्लॉक्ड", आणि संदेश पुन्हा दिला जातो. संकटातल्या विमानाचा क्षीण आवाज दुसऱ्याच्या बोलण्याखाली नकळत पुरला जाऊ नये, एवढं भान या जुन्या तंत्रात आपोआप आहे.

आणखी एक करामत. जवळ येणाऱ्या रेल्वे इंजिनाच्या भोंग्याचा सूर चढतो आणि गाडी पुढे गेली की उतरतो, तो डॉपलर परिणाम रेडिओ लहरींनाही लागू आहे. ३०० मेगाहर्ट्झवर बोलणारं विमान सेकंदाला ३०० मीटरने आपल्याकडे येत असेल तर लहर बरोबर ३०० हर्ट्झने वर सरकते. मग वैमानिकाचा आवाज चिरका का होत नाही? कारण एएममध्ये आवाज साठवलेला असतो तो मधली वाहक लहर आणि तिच्या दोन बाजूंचे पट्टे यांच्यामधल्या अंतरात. विमान धावलं की तिघंही बरोबरीने सरकतात. अंतर बदलतं ते दशलक्षात एक भाग एवढंच. रिसीव्हर ते अंतर मोजतो आणि माणसाचा आवाज जसाच्या तसा परत उभा राहतो. ध्वनीच्या वेगाला भिडलेल्या माणसाचा सूर जमिनीवर शाबूत पोचतो, त्यामागे इतकं साधं कारण आहे.

पण एएमची किंमतही मोजावी लागते. एका वारंवारितेवर एका वेळी एकानेच बोलायचं. बटण दाबून बोलणाऱ्याला स्वतःखेरीज काही ऐकू येत नाही. नेलिसच्या 'रेड फ्लॅग' सरावात एका फेरीला दोन्ही बाजू मिळून साठ-सत्तर विमानंही हवेत असू शकतात. वारंवारिता वाटून दिल्या तरी प्रत्येकीवर गर्दी असतेच. तिथे एखाद्याने चार सेकंदांचं वाक्य बोलायचं म्हणजे इतरांचे चार सेकंद घ्यायचे. सेकंदाला तीनशे मीटरने चार सेकंदांत विमान सव्वा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. त्या कंजूषपणातून ही भाषा जन्मली.

चार विमानांच्या तुकडीची हजेरी ऐका. नायक म्हणतो, "वायपर, चेक". उत्तरं येतात: "टू", "थ्री", "फोर". पूर्ण एका सेकंदात तिघांचे संच चालू आहेत, वारंवारिता बरोबर आहे, तिघेही ऐकत आहेत, एवढं कळलं. शेपटाकडचा वैमानिक कित्येकदा अख्ख्या उड्डाणात आपला आकडा आणि दोन-तीन ठरलेले शब्द यांपलीकडे काही बोलत नाही. शब्दही कसे निवडलेत पाहा. शत्रूचं विमान डोळ्यांनी दिसलं तर "टॅली", नाही दिसलं तर "नो जॉय". आपलं विमान दिसलं तर "व्हिज्युअल", हरवलं तर "ब्लाइंड". 'दिसतंय' आणि 'दिसत नाही' यांच्यासाठी मित्राला वेगळी जोडी, शत्रूला वेगळी. खरखरीत शब्दाचा अर्धा भाग खाल्ला गेला तरी कुणाला काय दिसलं याबद्दल घोटाळा होऊ नये आणि आपल्याच माणसावर क्षेपणास्त्र जाऊ नये, ही काळजी या चार शब्दांत भरलेली आहे. इंधन परतीपुरतंच उरलं की "बिंगो". त्याच्या जरा आधीचा इशारा "जोकर". शस्त्रं संपली की "विंचेस्टर". हे गुपित नाही. या शब्दांची यादी अमेरिकी सैन्यदलं पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध करतात.

सगळ्यात थक्क करणारी रचना म्हणजे 'बुल्सआय'. आकाशात जागा सांगायची कशी? "माझ्या डावीकडे" म्हणून उपयोग नाही, कारण साठ जणांच्या साठ डाव्या बाजू. म्हणून सरावाआधी नकाशावरचा एक बिंदू ठरवतात आणि सगळ्या जागा त्याच्यापासूनची दिशा आणि अंतर अशा सांगतात. "ग्रुप, बुल्सआय टू सेव्हन झिरो, थर्टी, ट्वेंटी थाउजंड, हॉस्टाइल." म्हणजे ठरलेल्या बिंदूपासून पश्चिमेला तीस सागरी मैलांवर, साधारण ५५ किलोमीटरवर, वीस हजार फुटांवर शत्रूची विमानं. गावातला जाणता माणूस वाटसरूला मारुतीच्या देवळापासून अमुक बाजूला इतकं चाला म्हणून सांगतो, तीच ही पद्धत. फरक एवढाच की कोणत्या गावचा मारुती हे रेडिओवर कधीच बोललं जात नाही. शब्द साऱ्या वाळवंटाला ऐकू जातात, पण तो एक बिंदू ठाऊक नसेल तर त्यातून जागा काढता येत नाही. उघड्या वारंवारितेवर, उघड्या भाषेत, अर्थ मात्र झाकलेला. ही युक्ती मला कुठल्याही सांकेतिक यंत्राहून देखणी वाटते.

आणि ऐकणाऱ्या वैमानिकाच्या डोक्यात त्या वेळी काय चालत असेल याचा विचार करा. त्या बिंदूपासून शत्रू कुठे, त्याच बिंदूपासून मी कुठे, म्हणजे माझ्यापासून शत्रू कुठे. हा त्रिकोण त्याने वळता वळता मनात सोडवायचा. अलीकडच्या विमानांचे पडदे यात मदत करतात, तरी आवाजावरून चित्र उभं करण्याची सवय प्रत्येकाला लावून घ्यावी लागते.

रेड फ्लॅगची सुरुवात नोव्हेंबर १९७५ मधली. व्हिएतनामच्या युद्धाचा अभ्यास करताना अमेरिकी हवाई दलाला असं दिसलं होतं की वैमानिक पहिल्या दहा लढाऊ उड्डाणांतून वाचला की पुढे तगण्याची शक्यता बरीच वाढते. मग ती पहिली दहा उड्डाणं घरच्याच वाळवंटात का करून घेऊ नयेत? त्यासाठी नेलिसच्या उत्तरेला सुमारे बारा हजार चौरस किलोमीटरची राखीव जमीन आहे. शत्रूची भूमिका करायला वेगळी पथकं आहेत, त्यांची विमानं रशियन रंगसंगतीत रंगवलेली असतात. विमानांच्या लढतीत खरं क्षेपणास्त्र कुणी सोडत नाही. वैमानिक फक्त म्हणतो: "फॉक्स टू", म्हणजे उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र सोडलं. "फॉक्स थ्री", म्हणजे स्वतःचं रडार असलेलं. उच्चारलेला शब्द हाच नेम, तीच गोळी. पंखाखाली लावलेली यंत्रं सगळ्यांच्या जागा नोंदवत असतात आणि त्यावरून नेम लागला की चुकला याचा हिशेब होतो. 'मेलेला' वैमानिक ठरलेल्या ठिकाणी जाऊन जिवंत होतो आणि पुन्हा लढाईत येतो. आणि कुठेही खरा धोका दिसला की कोणीही, सगळ्यात नवखा वैमानिकसुद्धा, म्हणू शकतो: "नॉक इट ऑफ". त्या तीन शब्दांनी सगळी लढाई जागच्या जागी थांबते. एकेक तुकडी ते शब्द परत म्हणून दाखवते आणि स्कॅनरवर ती पोच ओळीने ऐकू येते.

कधी कधी मधूनच एखादा आवाज घुसमटलेला येतो. शब्द दातांमधून दाबून काढल्यासारखे, मध्ये झटक्याने घेतलेला श्वास. तो वैमानिक त्या क्षणी वळणात असतो. नऊ 'जी'च्या वळणात सत्तर किलोच्या माणसाचं वजन ६३० किलो होतं. शिरस्त्राणासह सात किलोचं डोकं साठ किलोंच्या वर जातं. रक्त पायांकडे ओढलं जातं आणि ते मेंदूत टिकावं म्हणून पायांचे, पोटाचे स्नायू आवळून, छाती भरून श्वास रोखायचा, दर तीनेक सेकंदांनी झटक्यात सोडून परत भरायचा, असं तंत्र वैमानिकाला शिकवतात. ध्वनिग्राहक प्राणवायूच्या मुखवट्यातच बसवलेला असतो, त्यामुळे तो श्वासही शब्दांबरोबर प्रसारित होतो. कित्येक किलोमीटर उंचीवर एका माणसाच्या शरीरावर किती भार पडलाय ते जमिनीवरच्या माणसाला कानाने कळावं, याचं आश्चर्य मला कधीच कमी होत नाही. रडारच्या पडद्यावर विमान दिसतं. माणूस फक्त इथे सापडतो.

ही भाषा घडली ती १९४० च्या उन्हाळ्यात, इंग्लंडच्या आकाशात. हजार फुटांना "एंजल्स", शत्रूला "बँडिट" हे शब्द तेव्हाच्या लढाऊ वैमानिकांचे, आणि ते आजही चालतात. तेव्हाची अडचण निराळी होती. किनाऱ्यावरची रडारं समुद्राकडे तोंड करून होती. किनाऱ्याच्या आत, जमिनीवरच्या आकाशात आपली विमानं कुठे आहेत हे त्यांना दिसत नव्हतं. मग आपली विमानं शोधायची कशी? उत्तर रेडिओतच मिळालं. 'पिप-स्क्वीक' नावाचं घड्याळ विमानातला ट्रान्समीटर दर मिनिटाला चौदा सेकंद आपोआप चालू करायचं. एका मिनिटाचे चार भाग करून चार विमानांना एकेक भाग दिलेला. जमिनीवरची दिशाशोधक केंद्रं तो सूर कुठून येतो ते पकडायची आणि दोन-तीन दिशा नकाशावर जिथे छेदतील तिथे ती तुकडी. वैमानिक काही न बोलता मिनिटाला चौदा सेकंद आपला पत्ता सांगत होता.

त्याच दिवसांत दक्षिण किनाऱ्यावर उत्तम जर्मन येणाऱ्या तरुण मुली कानाला हेडफोन लावून बसत. ब्रिटिश हवाई दलाच्या 'वाय' सेवेतल्या या मुली समोरून येणाऱ्या जर्मन वैमानिकांचं आपसातलं बोलणं टिपून घेत. जर्मनांचेही असेच ठरलेले शब्द होते: उंचीला "हान्नी", शत्रूच्या लढाऊ विमानांना "इंडियानर". शत्रू किती उंचीवर आहे हे रडारपेक्षा त्याच्याच तोंडून अचूक कळायचं आणि ते तातडीने वर कळवलं जायचं. रोज ऐकून ऐकून त्यांना ठराविक जर्मन वैमानिकांचे आवाज ओळखू येऊ लागले. एके दिवशी त्यातला एखादा आवाज यायचा बंद होई, आणि का, हेही त्यांनीच ऐकलेलं असे. या सेवेत असलेल्या आयलीन क्लेटन यांनी १९८० साली आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. शत्रूचा आवाज एका माणसाचा आवाज म्हणून कानात साठवत जाणं किती जड असेल, ते या कामाइतकं दुसऱ्या कुठल्या युद्धकामात कळत नसावं.

नेलिसच्या आकाशात भारतीय आवाजही घुमले आहेत. ऑगस्ट २००८ मध्ये भारतीय हवाई दलाची सुखोई-३० विमानं रेड फ्लॅगसाठी तिथे गेली होती. अमेरिकी आणि नाटोच्या विमानांमध्ये 'लिंक-१६' ही माहितीची साखळी असते. त्यात प्रत्येक विमानाची जागा, इंधन, शस्त्रं, रडारने पकडलेली लक्ष्यं ही माहिती एकही शब्द न उच्चारता एकमेकांच्या पडद्यांवर उमटते. आपल्या सुखोईंमध्ये ती नव्हती. त्यामुळे एवढ्या गर्दीत कोण कुठे आहे ते कळायला त्यांची भिस्त आवाजावर होती. अनोळखी वाळवंट, अनोळखी उच्चार आणि कानावर येणारे आकडे यांतून चित्र उभं करत उडणं म्हणजे काय, हे वरचा बुल्सआयचा त्रिकोण आठवला की लक्षात येईल.

लिंक-१६ चा वेग डोक्यात मावत नाही. ९६० ते १२१५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या ५१ वारंवारितांवर ती उड्या मारते, दर तेरा मायक्रोसेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला सुमारे ७७ हजार. आवाजासाठीही उड्या मारणारे संच आहेत. 'हॅव क्विक' ही पद्धत एआरसी-१६४ सारख्या जुन्या संचांवरच बसवली गेली. त्यासाठी सगळ्यांची घड्याळं काटेकोर जुळलेली लागतात आणि त्या दिवसाचा संकेत माहीत असावा लागतो. बाहेरच्या स्कॅनरला त्यातून तुटक टकटक ऐकू येते, शब्द नाहीत. वर्षागणिक जास्त माहिती साखळीतून जाते आणि कमी आवाजातून. उद्या रेड फ्लॅगच्या लढाईत माणसं जवळजवळ बोलणारच नाहीत, असं घडू शकतं.

तरी एक वारंवारिता तशीच राहील. २४३ मेगाहर्ट्झ, हिचं नाव 'गार्ड'. नागरी विमानांची संकटातली वारंवारिता १२१.५, आणि २४३ ही तिची बरोबर दुप्पट. १२१.५ वरचा साधा ट्रान्समीटर दुप्पट वारंवारितेचा उपसूर सहज देतो, म्हणून जुनी संकटदर्शक यंत्रं दोन्हीकडे एकदम साद घालू शकत. लढाऊ विमानाच्या संचात गार्डसाठी वेगळा रिसीव्हर कायमचा लावून ठेवलेला असतो. वैमानिक कुठल्याही वारंवारितेवर बोलत असो, त्याचा एक कान इथे उघडा असतो.

आता आपल्याकडचं. पुण्यात लोहगावला सुखोईंचा तळ आहे आणि त्याच धावपट्टीवर प्रवासी विमानंही उतरतात. तिथल्या नियंत्रण मनोऱ्याचं काम हवाई दलाकडे आहे, त्यामुळे सुटीवर निघालेल्या कुटुंबाचं विमान आणि सुखोई यांना एकाच मनोऱ्यातून परवानगी मिळते. पण गच्चीवर स्कॅनर लावून ते ऐकायचं नाही. भारतात १९३३ च्या कायद्यापासून बिनतारी यंत्र बाळगायला परवाना लागत आलेला आहे. घरच्या साध्या रेडिओलाही ऐंशीच्या दशकापर्यंत परवाना लागायचा आणि त्याचं वर्षाचं शुल्क टपाल कचेरीत भरावं लागायचं, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. साध्या रेडिओचा परवाना गेला. विमानांचं बोलणं ऐकायची मोकळीक मात्र सामान्य माणसाला नाही, आणि सीमेवरची परिस्थिती पाहता ते मला योग्यच वाटतं.

ज्यांना तरीही आकाशातून येणारा सरळ रेषेतला आवाज स्वतःच्या कानाने ऐकायचा आहे, त्यांच्यासाठी कायदेशीर वाट आहे. सरकारची परीक्षा देऊन हॅम रेडिओचा परवाना काढा, किंवा परवाना असलेल्या कुणाच्या गच्चीवर जाऊन बसा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून महाराष्ट्राच्या माथ्यावरून जात असतं आणि त्यावर हॅम संच आहे, १४५.८ मेगाहर्ट्झवर. क्षितिजाचा तोच हिशेब लावला तर त्याचा पल्ला दोन हजार किलोमीटरच्या वर जातो. तिथे एफएम वापरतात आणि वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त असतो, म्हणून डॉपलरकडे दुर्लक्ष चालत नाही. स्थानक येताना सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि जाताना तितकंच खाली संचाचं बटण फिरवत राहावं लागतं. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरू आणि शिलाँगच्या विद्यार्थ्यांशी तिथून हॅम रेडिओवर बोलले ते ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला, भारतीय हवाई दलाचे लढाऊ वैमानिक. ते सुखोईही उडवत असत.